कोठ्यावरचा लच्छू

"वयनी, पोट्टीले पुडी देऊ नोका," लच्छू म्हणाला होता. खळ्यावर उभं राहून, ग्लोव्हला लागलेली माती झटकत, तिच्याकडे न बघता. "खांद्याले आराम द्या, बरफ लावा. पण बाजारातली पुडी नोका देऊ."

"बघते भाऊ," दिव्यानी म्हणाली, आणि मनातल्या मनात नाक मुरडून लेकीला स्कूटीवर बसवून निघाली. औषध खाऊन खेळला म्हणून ज्याला परदेशातून हाकललं, ज्याचं नाव काढलं की चामोर्शीच्या पानठेल्यावर लोक एकमेकांकडे बघून हसतात, तो माणूस तिला तिच्या लेकीच्या औषधपाण्याचं सांगणार. दिव्यानी बीएस्सी झालेली होती. श्रुतिकाची उंची ती दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडायची. पोरीला शाळेतून यायला थोडा उशीर झाला की रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन उभी राहायची. नवरा प्रफुल राजुऱ्याकडे खाणीवर, महिन्यातून एकदा घरी. घरात एक मूल, एक सासू, दोन गाई, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी ती एकटी. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं जांभुळटोल्यात सगळेच म्हणायचे. तीही तसंच समजायची.

लच्छू कुमरेची गोष्ट गावात दोन तऱ्हांनी सांगतात. सुरुवात तेवढी सारखी. धान लोंबीवर आलं की पोपटांचे थवे बांध्यांवर उतरतात. लच्छू लहानपणी मचाणावर बसून ते हाकलायचा. बाकीची पोरं गोफण फिरवायची, हा नुसत्या हातानं दगड फेकायचा, आणि तोही पोपटाला नाही, पोपट बसलेल्या फांदीला. "पाखराले उडव, मारू नोको," असं त्याच्या आईनं सांगितलेलं. आश्रमशाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी तो नेम पाहिला आणि त्याच्या हातात बेसबॉल दिला. हा खेळ गावात कोणाला ठाऊक नव्हता. एकजण उंचवट्यावरून चेंडू फेकतो, समोरचा दांडूनं तो टोलवायला बघतो, आणि फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, एवढं लच्छूमुळेच कळलं. तो जिल्ह्याकडून खेळला, राज्याकडून, मग देशाकडून. शेवटी जिथं हा खेळ पोटापाण्याचा धंदा आहे अशा एका मुलुखातल्या संघानं त्याला करार करून नेलं. गावाच्या वेशीवर भिंतीएवढा फ्लेक्स लागला. त्यावर लच्छूचं तोंड आणि खाली 'जांभुळटोल्याचा वाघ'.

इथून पुढे गोष्टीला फाटा फुटतो. एका मोठ्या सामन्यात लच्छूचा हात अचानक गळाला. चेंडू कुठेही जायला लागले, समोरच्या संघाला फुकटात धावा मिळत गेल्या, आणि शेवटी हा उंचवट्यावरच बसून ओकला. सामना गेला. नंतरच्या तपासणीत त्याच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं. कुठून घेतलं, कोणी दिलं, असं चौकशीत पुन्हापुन्हा विचारलं, तर हा मुका. बंदी आली, करार गेला, लच्छू घरी आला. एक बाजू म्हणते, सामना विकला अन् औषधाचं निमित्त झालं. दुसरी म्हणते, जंगलातलं पोर वर जाताना दिसलं म्हणून खाली ओढलं. लच्छू दोघांनाही चहा पाजायचा आणि काही बोलायचा नाही.

फ्लेक्स मात्र वाया गेला नाही. दिव्यानीच्या सासूनं, वच्छलाबाईंनी, तो वेशीवरून उतरवून आणला आणि कोठ्याच्या, म्हणजे गाईंच्या गोठ्याच्या, ज्या बाजूनं पाऊस आत मारतो तिथं ताणून बांधला. तेव्हापासून वाघ गाईंना आडोसा देत होता. दिव्यानी रोज शेण काढायला त्याच्यासमोरून जायची आणि रोजच्या सवयीनं त्याच्याकडे बघायची नाही.

तरी पोरं लच्छूकडे जायची, कारण तो शिकवायचा चांगला. श्रुतिकाचा हात तर त्याच्यासारखाच सुटायचा. सहावीत असताना तिची विभागापर्यंत निवड झाली आणि राज्यासाठीची निवड तोंडावर आली, तेव्हाच तिचा खांदा धरला. वेणी घालताना हात वर जाईना. लच्छू म्हणाला, चेंडूला हात लावू नको. पण चेंडूला हात लावला नाही तर निवड कशी होणार, हे दिव्यानीच्या डोक्यात घुमत राहिलं.

वच्छलाबाईंनी एके संध्याकाळी पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली, मधात कालवली आणि नातीच्या जिभेवर ठेवली.

"काय आहे आई ते?" दिव्यानीनं विचारलं.

"झाडपाला."

"कोणाकडचा?"

"नाव नाई घेत वो औषध देनाऱ्याचं. गुण जाते."

हे दिव्यानीला नवीन नव्हतं. तिच्या माहेरीही तसंच. मुळी कोणी खणली, पाला कोणी वाटला, ते विचारायचं नाही. घेणाऱ्यानं देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि आपण घेतो हेही चारचौघांत सांगायचं नाही. तिला लच्छूचं बोलणं आठवलं, आणि माशी वारावी तसं तिनं ते वारलं. झाडपाला आहे, गुण आला तर आला, अपाय तर नाही. दोनच दिवसांत श्रुतिकानं स्वतःची वेणी स्वतः घातली. त्या रात्री दिव्यानी बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

पुड्या चालू राहिल्या. श्रुतिकाची भूक वाढली. ताट पुसून झाल्यावर ती पुन्हा भाताच्या पातेल्याकडे बघायची. गाल भरले. शेजारची गुणाबाई कौतुकानं म्हणाली, "पोट्टीनं बाळसं धरलं वो. खेळ मानवला." दिव्यानीलाही बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की फ्रॉक पोटावर तटतो, पण दंड पहिल्यासारखेच काटकुळे आहेत. गालांवर बारीक लव आली होती. पोरगी चिडायची, रडायची, रात्री मध्येच उठून पाणी मागायची. वयात येत असेल, असं दिव्यानीनं स्वतःला समजावलं. पण समजूत पटेना, आणि ती येताजाता लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

एका सकाळी ती शेणाची पाटी घेऊन कोठ्यातून बाहेर आली. श्रुतिका गाईला पाणी दाखवत फ्लेक्सला टेकून उभी होती. ऊन दोघांच्या तोंडावर सारखं पडलं होतं. एक तोंड लेकीचं, एक छापलेलं. दोन्ही पुरीसारखी टम्म गोल, गालांनी डोळे खाली दाबलेले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी.

दिव्यानीच्या हातातली पाटी तशीच राहिली. गावातला लच्छू तर विळ्यासारखा. गालफडं बसलेली, हनुवटी टोकदार. फ्लेक्स लागला तेव्हा लोक म्हणाले होते, परदेशातलं खाणं अंगी लागलं. तिनंही तेच म्हटलं होतं.

पाटी तिथंच टाकून, हात न धुता ती लच्छूकडे गेली. तो अंगणात दोरी वळत बसला होता.

"लच्छूभाऊ, तुम्ही तिकडं इंजेक्शनं घेत होता का?"

लच्छूनं दोरी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्याला तोंडावर हे कोणी विचारलं नव्हतं.

"इंजेक्शन नाई घेतलं कधी."

"मग पुडी?"

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "पोट्टीचं तोंड सुजलं ना? मले मागच्या हप्त्यातच दिसलं. म्हनलं, आता कोणत्या तोंडानं सांगू. एकदा सांगतलं तं तुम्ही स्कूटी चालू केली."

"केली. आता सांगा."

"खांदा दुखे. तिकडचे डॉक्टर म्हने, खेळ थांबव. खेळ थांबला तं करार थांबते. इथून पुडी नेली होती सोबत. दोन दिवसांत हात मोकळा झाला. मले वाटलं, आपल्या जंगलाचा पाला, याले कोण बंदी घालते? सुट्टीत आलो तं पोतंभर नेली." तो ओशाळं हसला. "तपासनीवाल्यानं औषधाचं नाव सांगतलं तवा समजलं. पाल्यात डॉक्टरी गोयी कुटून टाकते. स्टेरॉइड. सूज उतरते, भूक लागते, मानूस हुशार होते. अन् आतून पोकय."

"तुम्हाला आधी काहीच कळलं नाही?"

लच्छूनं दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पहिल्या खेपेले नाई. दुसऱ्या खेपेले शक आलता. आरशात तोंड दिसे ना. पण हात चाले तं शकाले कोण विचारते? म्हनून मी कोनाले म्हनत नाई का माह्यावर अन्याय झाला. लोकं म्हनते ते तेवढं खरंच हाये."

"आणि सामना?"

"पुड्या सरल्या होत्या. चार दिवस नाई घेतली अन् हात-पाय पान्यावानी झाले. विकला असता तं इथी दोरी वळत बसलो असतो का?"

दिव्यानी उठली. "मी आजच सगळ्या चुलीत टाकते."

"बसा खाली." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "तेच तं सांगून राह्यलो ना मी. एकदम बंद करू नोका. शरीराले सवय लागली, एकदम बंद केली तं पोट्टी माह्यासारखी पडन. डॉक्टरले दाखवा, पुडी सोबत न्या. तो हरूहरू उतरवते."

"देणाऱ्याचं नाव काय?"

"नाव नाई घेत मी."

"तुमचं सगळं गेलं त्या माणसापायी."

"मी मचाणावरून पडलो होतो लहानपनी. कोपर उलटं झालतं. त्यानं बसवलं. त्याच हातानं मी बॉल फेकला, वयनी. अन् त्याले तरी काय ठाऊक असन त्या पावडरीत काय हाये ते." त्यानं दोरी पुन्हा हातात घेतली. "पोट्टीले न्या."

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी श्रुतिकाचं तोंड पाहिलं, रक्तदाब मोजला, पुडी हुंगली आणि पाठीवर हात ठेवून विचारलं, "अभ्यास करतेस का?" मग दिव्यानीला बाजूला घेऊन लच्छूनं सांगितलं होतं तेच नीट समजावलं. पुडीऐवजी मोजलेल्या गोळ्या द्यायच्या, त्या थोड्या थोड्या कमी करत न्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि खेळ यंदा नाही. परतीच्या बसमध्ये श्रुतिका खिडकीकडे तोंड करून रडली. दिव्यानी रडली नाही. आता काय करायचं ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलं की तिची भीती कामाला लागायची.

घरी मात्र तिची जीभ सुटली. "तुमच्या पुडीनं पोरीचं हे झालं आई. आता या घरात पुडी दिसली तर बघा." वच्छलाबाई चुलीपुढे बसून निखारे सारत राहिल्या. दिव्यानीनं तापल्या डोक्यानं पुडी वाईट एवढंच सांगितलं. एकदम बंद करू नका, हे सांगायचं राहिलं. लेक एकटीच पुडी घेते असं ती धरून चालली होती.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. दिव्यानीच्या पोरीचं तोंड पुडीनं सुजलं, राज्याची निवड हुकली. बोअरिंगवर पाणी भरताना बाया हळहळायच्या आणि घरी जायच्या. घरी जाऊन त्या काय करत होत्या ते कोणी कोणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी गाई हंबरत राहिल्या. दिव्यानी कोठ्यात गेली तर वच्छलाबाई फ्लेक्सच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या. ओठ वाळलेले, पुढ्यात ओकारी, अंगाला गार घाम. "आई," तिनं हाक मारली. सासूनं डोळे उघडले आणि अनोळखी बाईकडे बघावं तसं पाहिलं.

आणि तेव्हा दिव्यानीला सासूचे गुडघे दिसले. तीन पावसाळ्यांपूर्वी ही बाई भिंत धरून उठायची. मग एकाएकी बरी झाली. धानाच्या रोवण्याला चिखलात वाकून पोरीबाळींच्या पुढं राहायची. सगळं गाव म्हणायचं, बुडी तरणी झाली. दिव्यानीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं, पण हे नजरेसमोर असून तिनं कधी विचारलं नव्हतं.

"आई, तुम्हीपण घेत होता?"

वच्छलाबाईंच्या ओठांतून कसेबसे शब्द आले. "चुलीत टाकल्या. पोट्टीचं तोंड पाह्यलं अन् सगळ्या टाकल्या."

लच्छूचा छोटा हत्ती टेम्पो मोहफुलाची पोती उतरवून तसाच दारात आला. मागे तणस अंथरून वच्छलाबाईंना निजवलं. दिव्यानी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि चामोर्शीपर्यंत त्यांना एकदाही डोळे मिटू दिले नाहीत. बडबडत राहिली. गाईंबद्दल, प्रफुलबद्दल, लग्नात सासूनं तिच्या गोऱ्या पायांना नावं ठेवली होती त्याबद्दलसुद्धा. "मातीत जातीन तं समजन म्हनलं होतं तुम्ही. आठवते का?" म्हातारीच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पुडीची हकीकत ऐकताऐकता सुई लावली, सलाइन सोडलं, आणि दिव्यानीकडे वळून म्हणाल्या, "वेळेत आणलंत. पण मला सांगा, पुडी कोणाची?"

"मला माहीत नाही."

"आजी, कोणी दिली?"

वच्छलाबाईंनी खाटेवर पडल्यापडल्या मान हलवली. नाही.

"नाव कशासाठी पाहिजे ते ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीची गोष्ट गावात पसरली म्हणता. मग यांच्यासारखी किती जणांनी पुडी टाकून दिली असेल? ते घरात पडले असतील आणि घरच्यांना वाटत असेल, साथीचा ताप आहे. नुसतं पुडी म्हटलं तर कोणी पुढं येणार नाही, प्रत्येकाला वाटेल आपली वेगळी. कोणाची ते सांगितलं तरच लोक येतील. आज."

दिव्यानीनं दाराकडे पाहिलं. लच्छू चौकट धरून उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि नजर हलवली नाही.

लच्छूनं लहानपणी बसवून दिलेलं उजवं कोपर डाव्या हातानं धरलं. चौकशीला बसलेल्या परक्या माणसांपुढं, दुभाषा घाम पुसत असताना, जे तोंड उघडलं नव्हतं ते उघडलं.

"लटारूबुवा," तो म्हणाला. "चामोर्शीच्या बाजारात चिंचेखाली बसते तो. मीबी त्याचीच खाल्ली."

खाटेवर वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले. लच्छू बाहेर जाऊन गाडीच्या पायरीवर बसला.

दुपारच्या आत ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दिव्यानीचा आवाज गेला. तिनं नाव घेतलं, पुडीचा रंग सांगितला, आणि टाकून दिली असेल तर लपवू नका म्हणाली. "रागावणार नाही कोणी. मीच माझ्या पोरीला दिली आहे." मग ती घरोघर फिरली. पोचूभाऊ परवापासून खाटेवरून उठले नव्हते. गुणाबाईला चक्कर येत होती, ती उपासानं येते असं समजून बसली होती. दोघंही लच्छूच्या गाडीतून दवाखान्यात गेले. "तूबी घेत होती?" "तूबी?" बाया एकमेकींना विचारत होत्या. शेजारीशेजारी राहून, एकाच चिंचेखालून आणून, प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच.

गावातले लोक लटारूबुवाला विचारायला गेले तेव्हा म्हातारा रडला. तयार पावडर एक फिरता माणूस आणून द्यायचा. नुसत्या मुळीनं गुण यायला महिना लागतो, आणि लोकांना दोन दिवसांत पाहिजे, म्हणून तो मिसळायचा. त्यात काय आहे ते त्यानं विचारलं नव्हतं. पुढच्या बाजारी चिंचेखालची जागा रिकामी होती. तो फिरता माणूस कोणत्या बाजारात गेला ते अजून कळलेलं नाही.

लच्छूची गोष्ट गावात अजूनही दोन तऱ्हांनीच सांगतात, फक्त फाटे बदलले. एक बाजू म्हणते, बंदी उठवायला अर्ज केला पाहिजे. दुसरी म्हणते, ज्यानं हात बसवून दिला त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं, कसला वाघ. लच्छूला विचारलं तर म्हणतो, "अर्ज कशाले? खाल्ली तं मीच." बुवाच्या घरी तो दर हप्त्याला तांदूळ पोचवतो, आणि बुवा ते ठेवून घेतो, पण बोलत नाही.

वच्छलाबाई परत भिंत धरून उठायला लागल्या. एकदा त्या लच्छूला म्हणाल्या, "काढू का गा तुया फ्लेक्स? चांगला दिसत नाई."

"राहू द्या काकू. पावसात कोठा गयन."

श्रुतिकाच्या गालांखालून तिचं जुनं तोंड सावकाश वर येतं आहे. ती खळ्यावर जाते, लच्छूभाऊ मोजून देतात तेवढेच चेंडू फेकते, आणि जास्त मागितले तर ओरडा खाते. दिव्यानी शेताच्या धुऱ्यावर बसून बघते. स्कूटी चालू करत नाही.

ही गोष्ट तिनं बचत गटात सांगितली, माहेरी सांगितली, सिरोंच्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या तेलुगू बाईला हातवारे करून सांगितली. सांगून झालं की ती शेवटी जे मागते तेच तुमच्याकडेही मागते आहे. तुमच्या घरात, गल्लीत, मोहल्ल्यात कोणी असेल, जिचे गुडघे एकाएकी बरे झाले, जिचं तोंड भरलं आणि तुम्ही कौतुक केलं. तिच्याकडे नीट बघा. आणि अलीकडे ती गप्प पडून असेल, खात नसेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच जा. पुडी टाकून दिली का ते विचारा. ती आधी नाही म्हणेल. तिथंच बसा, आणि पुन्हा विचारा.